सहा ग्लास, खानवेल

गेल्या डिसेंबरात ताई इंग्लंडहून आली. बॅग उघडली तर आईसाठी आणलेल्या स्वेटरमध्ये एक बाटली गुंडाळलेली. ससेक्समधली स्पार्कलिंग वाईन, नुसत्या शार्डोने द्राक्षांची. आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त आम्ही सगळे दोन दिवस खानवेलला जाणार होतो. "तिथेच उघडू," ताई म्हणाली. आईने स्वेटर घेतला, त्याची घडी घातली आणि बाटलीकडे न बघता आत गेली.

कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, दारूपायी ४१व्या वर्षी गेला. शेवटची दोन वर्षं त्याला दवाखान्यात नेणं-आणणं आईनेच केलं. तेव्हापासून आमच्या घरात हा विषय निघत नाही. मी मित्रांबरोबर कधीतरी घेतो हे तिला माहीत आहे. मी सांगत नाही, ती विचारत नाही.

खानवेल आमचं जुनं. बाबा सिल्वासाच्या एका कारखान्यात नोकरीला होते. करसवलतींमुळे तेव्हा तिथे कारखाने येत होते आणि त्यांच्यामागोमाग आमच्यासारखी मराठी कुटुंबं. रविवारी एका स्कूटरवर चौघं बसून खानवेलला जायचो. सिल्वासापासून वीसेक किलोमीटर, साकरतोड नदीकाठी. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, मध्येच वारली आणि कोकणा लोकांचे पाडे. पुढे दुधनीला गेलं की मधुबन धरणाचं पसरलेलं पाणी.

पण सिल्वासा म्हटलं की अनेकांना आधी दारूची दुकानं आठवतात. दारूबंदीचा १९४९ चा कायदा मुंबई राज्याचा. १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं आणि तिथे बंदी कायम राहिली. दादरा-नगर हवेली मात्र १९५४ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं (त्या लढ्यात आपले सुधीर फडकेही होते) आणि १९६१ मध्ये हा भाग केंद्रशासित प्रदेश म्हणून भारतात आला. त्यामुळे तो कायदा इथे लागू झालाच नाही. परिणाम आम्ही लहानपणी दर शनिवारी बघायचो. सीमेपलीकडून गाड्या यायच्या, माणसं मिळेल ते घाईघाईने प्यायची. दुधनीच्या काठावर फुटक्या काचा चुकवत आम्ही क्रिकेट खेळलो आहोत. आईच्या डोळ्यांसमोर दारूची दोनच चित्रं होती, एक मामाचं आणि एक हे.

पुण्याहून जाताना वापी किंवा भिलाडवरून वळणं सोयीचं, पण तो रस्ता गुजरातमधून जातो आणि तिथे बाटली गाडीत असणंच गुन्हा. बाबांना इकडचे सगळे रस्ते पाठ. त्यांनी तलासरीला हायवे सोडायला लावला आणि उधव्यावरून आम्ही थेट खानवेलला उतरलो. रिसॉर्टवाल्यांना आधीच फोन करून बाहेरची बाटली चालेल का, परवान्याचं काय, हे विचारून घेतलं होतं. तुम्हीही विचारा, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात.

संध्याकाळी नदीकडच्या अंगणात टेबल मांडलं. आई म्हणाली, "तुम्ही उघडा. मी खोलीत बसते." बाबा म्हणाले, "लग्न माझं एकट्याचं झालं नव्हतं." ती थांबली, पण खुर्ची जरा लांब ओढून.

मी बर्फ मागवला. रिसॉर्टवर बादली होती, ती अर्धी बर्फाने आणि अर्धी पाण्याने भरून त्यात मूठभर मीठ टाकलं. नुसत्या बर्फापेक्षा अशा पाण्यात बाटली लवकर गार होते, अर्ध्या तासात काम होतं. ही वाईन ८ ते १० अंशांवर प्यावी. कोमट राहिली तर फेसाळून अंगावर येते. आत दाबही बराच असतो, साधारण ६ वातावरणांचा, म्हणजे गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त.

तेवढ्या वेळात ताईने ही वाईन कशी होते ते सांगितलं. ससेक्समध्ये जमिनीखाली खडूचा दगड आहे, फ्रान्सच्या शॅम्पेन भागात आहे तसाच. १९८८ मध्ये नाइटिंबर नावाच्या ठिकाणी एका अमेरिकन जोडप्याने शॅम्पेनच्याच जातींची द्राक्षं लावली तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यांची १९९२ च्या द्राक्षांची पहिली वाईन नुसत्या शार्डोनेची होती आणि तिने सगळ्यांची तोंडं बंद केली. मुळात वाईनमध्ये साखर घालून ती फसफसती करण्याची रीत ख्रिस्तोफर मेरेट या इंग्लिश डॉक्टरने १६६२ मध्येच रॉयल सोसायटीपुढे लिहून ठेवली होती. आपल्याकडेही नारायणगावला १९८० च्या दशकात अशी वाईन झाली आणि आता नाशिक-दिंडोरीला होते. पण शार्डोनेला थंडी मानवते, म्हणून आपल्याकडे जास्त भर शेनिन ब्लाँ या जातीवर.

रीत अशी. आधी साधी वाईन करायची. मग बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून ती बंद करायची. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते आणि तयार झालेला वायू वाईनमध्येच विरघळून राहतो. मेलेल्या यीस्टच्या गाळावर बाटली महिनोन् महिने, कधी काही वर्षं पडून राहते. शेवटी हळूहळू उलटी करत गाळ तोंडाशी आणायचा, तेवढाच भाग गोठवून बाहेर काढायचा आणि बूच लावायचं.

पाणी घेऊन आलेले वारली काका ऐकत उभे होते. त्यांनी विचारलं, "ही किती दिवसांची?" ताई म्हणाली, "चार वर्षांची." ते हसले. "आमची ताडी सकाळी गोड, दुपारी आंबट. ती पण फेसाळते, पण थांबत नाही." तेही खरं. तिथेही यीस्टच, फक्त कुणी बाटलीत कोंडत नाही.

बाटली उघडताना सिनेमातल्यासारखी हलवू नका. तार सैल करण्यापासून बूच निघेपर्यंत अंगठा बुचावर हवा. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून लांब. बूच धरून ठेवायचं आणि फिरवायची ती बाटली. मोठा आवाज न होता नुसता सुस्कारा यावा. माझ्याकडून बऱ्यापैकी जमलं. ग्लास निमुळत्या तोंडाचे आणि स्वच्छ हवेत. साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे टिकत नाहीत. आधी थोडी ओतायची, फेस बसला की पुन्हा.

७५० मिलीलिटरच्या बाटलीत १२५ चे सहा ग्लास होतात. आम्ही पिणारे पाच, बाबा धरून. रात्री कुणी गाडी हलवणार नव्हतं, किल्ल्या ताईच्या पर्समध्ये गेल्या. आईसाठी आणि मुलांसाठी कोकम सरबत, पण अगदी त्याच ग्लासांत. ही ताईची अट होती. न पिणाऱ्याला कोपऱ्यात स्टीलचा पेला द्यायचा नाही.

आधी हिरव्या सफरचंदाचा वास आला, मग लिंबाच्या सालीचा. चव कोरडी आणि आंबट, शेवटी जिभेवर किंचित खारटपणा. अशा आंबटपणाला तळलेलं आणि खारं छान लागतं. आम्ही साबुदाणावडे, बटाट्याचे काप आणि खारे काजू ठेवले होते. मिरचीचा ठेचा मात्र लांब ठेवा, बुडबुड्यांनी तो जास्तच झोंबतो.

बाबांनी आपला ग्लास आईपुढे धरला. "पिऊ नकोस, वास तर घे." तिने घेतला. म्हणाली, "बेकरीसारखा वास येतोय. पाव भाजताना येतो तसा." ताई चकित झाली, कारण यीस्टच्या गाळावर राहिल्याने येतो तो वास नेमका हाच आणि आम्हा कुणालाच तो ओळखता आला नव्हता.

मग थोड्या वेळाने आई नदीकडे बघत म्हणाली, "तो कधी असा सगळ्यांत बसून प्यायलाच नाही. कायम लपून." इतक्या वर्षांत मामाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली. नंतर बराच वेळ बोलत राहिली. लहानपणी तो किती छान पोहायचा, तेसुद्धा.

जेवायला उठताना तिने विचारलं, "उरली किती?"

"एक ग्लास."

"राहू दे मग. उघडली म्हणून संपवलीच पाहिजे असं काही नाही ना?"

"नाही," मी म्हणालो आणि बाटली झाकून ठेवली.

सकाळी तिच्यातला फेस गेला होता, मी ती ओतून टाकली. आईने "बरं केलंस" म्हटलं, बाटली स्वतः विसळली आणि गाडीत पायाशी ठेवली. आता त्या बाटलीत तिने मनीप्लांट लावला आहे.