मुळांचा शेजार

बुरशी म्हटली कीं आम्हां शहरवासीयांस बिघडलेल्या लोणच्याची बरणी आठवते, आणि शेतकऱ्यास कुजलेला हळदीचा कंद. परंतु हिंगोली जिल्ह्यांतील ज्या वसमत हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तिच्या मुळांत निराळ्याच जातीची बुरशी बिऱ्हाड करून असते, व ती घर बुडवीत नाहीं, चालविते.

मूळ आणि बुरशी यांच्या अशा जोडीस जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनीं १८८५ सालीं मायकोरायझा हें नांव दिलें. संबंध मात्र चाळीस कोटी वर्षांचा. स्कॉटलंडांतील रायनी गांवच्या दगडांत त्याच्या खुणा सांपडल्या आहेत.

काळ्या मातींत स्फुरद असतें, पण चुन्याशीं जखडलेलें. मूळ आपल्या लगतचें स्फुरद संपवितें आणि मग उपाशी राहतें. बुरशीचे केसाहून बारीक तंतु त्या रित्या कडेपलीकडे पोंचतात. मुळाच्या पेशींत इवल्या वृक्षासारखे पसरून स्फुरद देतात, व साखर आणि स्निग्धांश घेतात. हा वृक्ष थोडेच दिवस जगतो. जो देत नाहीं, त्याला पीक लौकर मोडून टाकतें. उलटपक्षीं, खतांतून स्फुरद आयतें व मुबलक मिळालें, कीं पीकच बुरशीस दार लावून घेतें.

आमचे मेहुणे वसमतजवळ हळद लावतात. यंदा माती तपासली, तों स्फुरद पुरेसें निघालें. तरी डीएपीचीं पोतीं कमी करावयास त्यांचा हात धजेना. अंदाज चुकला तर नऊ महिन्यांचे श्रम आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च, दोन्ही अडचणींत येणार. त्या भीतीस अडाणीपणा म्हणणें आम्हांस जमलें नाहीं. अखेर एका एकरांतच खत कमी करावें असें ठरलें. फाल्गुनांत हळद निघाली म्हणजे तराजू काय तें सांगेल.

आमच्या भगिनीनें मात्र एक गोष्ट आतांच पक्की केली आहे. जिवंत मुळावांचून ही बुरशी वाढत नाहीं. म्हणून हळदीनंतर रान उघडें ठेवावयाचें नाहीं, पाणी असेल तेवढ्यांत मूग पेरावयाचा. मोहरी नको, कारण मोहरी व कोबी यांच्या कुळास हा शेजार मानवत नाहीं. मुगाचें बियाणें त्यांनीं आतांच वेगळें काढून ठेविलें आहे.