दप्तरी दाखल

वडील सरकारी कचेरीत कारकून होते. अर्ज ‘निकाली काढणं’ आणि ‘दप्तरी दाखल करणं’ यांतला फरक ते जेवताना समजावून सांगत. निकाली म्हणजे कुणीतरी वाचून होय-नाही केलेलं. दप्तरी दाखल म्हणजे कुणी काहीच ठरवलं नाही, कागद लाल फडक्यात बांधला. तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

मराठी शुद्धलेखन तपासणारा एक लहानसा मुक्त प्रोग्रॅम मी पाटणात बसून सांभाळतो. सकाळचा पहिला चहा तक्रारी निवडण्यात जातो, तांदूळ निवडावेत तशा. चूक की नवी मागणी, जुनीच पुन्हा आलीय का, आवृत्ती कुठली. निम्म्यांत नुसतं ‘चालत नाही’ एवढंच. हे काम यंत्राला दिलं त्याचा मला जराही पस्तावा नाही. आता आवृत्ती लिहिली नसेल तर बॉटच विचारतो.

पस्तावा पुढच्या पायरीचा. प्रोग्रॅम आणि त्याच्या तक्रारी जिथं ठेवतो, त्या गिटहबवर ‘स्टेल’ नावाची तयार सोय आहे. साठ दिवस हालचाल नाही, की तक्रारीला शिळी म्हणून चिठ्ठी. आणखी सात दिवस शांतता, की बंद. आकडे बदलता येतात, मी बदलले नाहीत. (कुबरनेटिससारख्या अवाढव्य मुक्त प्रकल्पातही तक्रार बंद होण्याआधी नव्वद, मग तीस, मग पुन्हा तीस दिवसांची मुदत असते.) तीनशेच्या वर तुंबलेल्या तक्रारी पावसाळ्यात सत्तरवर आल्या. मी खूश.

गणपतीत एका गुरुजींची मेल आली. कोयनेच्या वरच्या अंगाला त्यांची शाळा. मे महिन्यात त्यांनी लिहिलं होतं, की ‘कोयनेच्या दऱ्या’ लिहिलं की तुमचा प्रोग्रॅम ‘कोयनेच्या दर्या’ करतो. डोंगरात समुद्र! सोबत फाइल, आवृत्ती, सगळं नीट. मी ‘तपासायचं’ असं लेबल लावलं आणि विसरलो. जुलैत बॉटनं चिठ्ठी लावली, आठवड्यानं दार बंद. गुरुजींनी लिहिलं होतं, “सर, तुम्ही सात दिवसांत उत्तर मागितलंत. आमच्याकडे तेरा दिवस लाइट नव्हती.”

खरं तर उत्तर मी द्यायचं होतं. गप्प मी बसलो आणि यंत्रानं ती शांतता त्यांच्या नावावर मांडली. वडिलांच्या भाषेत, तक्रार निकाली निघाली नव्हती, दप्तरी दाखल झाली होती.

चूक बारीक होती. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. माझा प्रोग्रॅम न दिसणारी चिन्हं कचरा समजून झाडून टाकायचा. मग उरतो ‘दर्या’. तोही शब्द शुद्धच, म्हणून खाली लाल रेघसुद्धा नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपापासून या भागात बारीक धक्के येतच असतात. भांडी वाजली तर आम्ही कूस बदलतो. पण भूकंपमापक तोही धक्का नोंदवतो, आणि पाटणकरांची झोप मोडली नाही म्हणून कुणी ती नोंद खोडत नाही. माझा बॉट मात्र तेच करत होता.

आता बॉटला एवढीच मुभा आहे: ज्या तक्रारींवर मी स्वतः ‘माहिती हवी’ लिहिलंय, तेवढ्यांनाच हात लावायचा. मुदत एकशेवीस दिवस, म्हणजे अख्खा पावसाळा निघतो. बाकीच्या मी हातानं बघतो. लिब्रेऑफिसवाल्यांची एक रीत उचलली: तिथं वर्षभर पडून राहिलेल्या तक्रारीवर ‘नव्या आवृत्तीत अजून होतंय का?’ असं विचारतात. बंद करायची झालीच, तर का ते एका ओळीत लिहितो. सत्तरचा आकडा पुन्हा दोनशेकडे चढलाय. चढू दे.

गुरुजींची तक्रार उघडली, दुरुस्ती केली, ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सुऱ्या’ चाचणीत घातले. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर: “दऱ्या आल्या. आता कऱ्हाड लिहून बघा.”

लिहिलं. ‘कर्हाड’ झालं. मी दुरुस्ती फक्त ‘य’पुरती केली होती.