दूरदेशीचे माझे गवई

गायनवादनाची आवड असलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात आपल्या आवडत्या कलावंतांची एक बैठक कायमची मांडलेली असते. माझ्या मनातील बैठकीत आमच्या भागातील भजनकरी आहेत, नाट्यसंगीताचे नामवंत गवई आहेत, आणि त्यांच्या शेजारी अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराचे काही तरुणही बसलेले आहेत. त्यांचे नाव निघाले की माझे समवयस्क स्नेही भुवया उंचावतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. या तरुणांच्या संगीताला ‘पंक’ म्हणतात. ते अतिशय द्रुत, कानठळ्या बसविणारे आणि पुष्कळदा आरडाओरडीच्या जवळ जाणारे असते. सांजवेळी निवांतपणे ऐकावे असे ते नव्हे. तरीही, परदेशी स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांची ओळख करून दिल्यापासून हे गवई मला आपले वाटू लागले आहेत. त्याचे कारण त्यांच्या गाण्याइतकेच त्यांच्या वागण्यातही आहे.

1979 साली वॉशिंग्टनमधील शाळकरी वयाच्या चार मुलांनी ‘टीन आयडल्स’ नावाचा वाद्यवृंद उभारला. नेथन स्ट्रेचेक गात असे, जॉर्डी ग्रिंडल गिटार वाजवीत असे, इयन मकाय याच्याकडे खर्जाची गिटार होती आणि जेफ नेल्सन ड्रम वाजवी. त्याच शहरातील ‘बॅड ब्रेन्स’ या कृष्णवर्णीय कलावंतांचे विजेच्या वेगाचे वादन ऐकून ही मुले भारावून गेली होती. मोठमोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्या न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथे. राजधानीतील या पोरांकडे कोण पाहणार? वर्षभर छोटे छोटे कार्यक्रम करून 1980च्या अखेरीस त्यांचा वाद्यवृंद मोडला. कार्यक्रमांतून मिळालेले पैसे मात्र त्यांनी खर्च न करता एका डब्यात साठविले होते. ते वाटून घ्यावयाचे, की त्यांतून आपल्या गाण्यांची एक तबकडी काढावयाची, असा प्रश्न उभा राहिला. मुलांनी तबकडी काढण्याचे ठरविले.

ती तबकडी त्यांनी कशी काढली, हे ऐकण्यासारखे आहे. वेष्टन तयार करण्याची विद्या कोणालाच अवगत नव्हती. तेव्हा त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एका तबकडीचे वेष्टन हलक्या हाताने उकलले, कागदावर त्याचा आकार गिरवून घेतला आणि त्याबरहुकूम कागद छापून आणले. मग मित्रमंडळी जमवून ते कागद कापावयाचे, दुमडावयाचे आणि चिकटवावयाचे, असा उद्योग सुरू झाला. आठ गीतांच्या त्या तबकडीच्या 1000 प्रती निघाल्या. मकाय, नेल्सन आणि स्ट्रेचेक यांनी या कामासाठी जी संस्था काढली, तिचे नाव ‘डिस्कॉर्ड’, म्हणजे विसंवाद. जगाने बेसूर म्हणण्याआधीच त्यांनी ते नाव हसत हसत स्वतःला लावून घेतले!

या मुलांची दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. 1980च्या उन्हाळ्यात ती बसने कॅलिफोर्नियापर्यंत गेली होती. तेथील सभागृहांत मद्य विकले जाई, आणि म्हणून अल्पवयीनांना आत प्रवेश नसे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहाच्या चालकांनी तोड काढली. या मुलांच्या हातांवर त्यांनी ठळक काळ्या फुल्या मारल्या. फुली दिसली की मद्य द्यावयाचे नाही, गाणे मात्र खुशाल ऐकू द्यावयाचे. वॉशिंग्टनला परतल्यावर मुलांनी तीच युक्ती तेथील सभागृहांना सुचविली. पुढे मकाय आणि नेल्सन यांच्या ‘मायनर थ्रेट’ या नव्या वाद्यवृंदाने 1981 साली ‘स्ट्रेट एज’ नावाचे, एका मिनिटाहूनही लहान असे गीत काढले. शुद्धीवर राहून जगण्यातच मला अधिक लाभ आहे, असा त्याचा आशय. त्या गीतावरून देशोदेशी निर्व्यसनी तरुणांची एक चळवळ उभी राहिली आणि अल्पवयाची खूण असलेली फुली अभिमानाने मिरविली जाऊ लागली. आपण केवळ स्वतःपुरते बोललो, इतरांसाठी नियम घालून दिला नाही, असे मकाय पुढे वारंवार सांगत आला. उपदेशकाचे आसन चालून आले असता ते नाकारणे सोपे नसते.

डिस्कॉर्डचे नेम मोजके आणि स्पष्ट होते. तबकड्या काढावयाच्या त्या आपल्या शहराच्या परिसरातील कलावंतांच्याच. लेखी करार करावयाचा नाही. शब्द हाच करार. खर्च वजा जाता उरलेला नफा कलावंतांशी वाटून घ्यावयाचा. ध्वनिमुद्रण होई ते डॉन झिएंटारा यांच्या घराच्या तळघरात. तालमी चालत त्या पोटोमॅक नदीपलीकडील आर्लिंग्टन येथे भाड्याने घेतलेल्या एका घरात. टपालाने घरपोच मिळणाऱ्या तबकडीची किंमत वेष्टनावरच छापलेली असे. तेणेकरून ग्राहकाला तिचे खरे मोल कळे.

तथापि, सचोटीने चालविलेल्या कार्यालाही ग्रहण लागते. दोन-तीन वर्षांतच कार्यक्रमांना दांडगट तरुणांची गर्दी होऊ लागली. गाणे बाजूला राहून धक्काबुक्की आणि मारामारी यांनाच ऊत आला. आपण लावलेल्या झाडाला असे फळ आलेले पाहून ज्यांनी ते लावले, त्यांना काय वाटले असेल! 1985च्या उन्हाळ्यात या मंडळींनी जणू नव्याने आरंभ केला. नवे वाद्यवृंद निघाले. त्यांपैकी ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’मध्ये गाय पिचोटो गाऊ लागला, तो केवळ संताप व्यक्त करण्यासाठी नव्हे, दुःख, आठवण आणि व्याकुळता यांनाही त्याने आपल्या गीतांत जागा दिली. त्या उन्हाळ्याला ‘क्रांतीचा उन्हाळा’ असे नाव पडले. या क्रांतीत कोणावरही हात उगारावयाचा नव्हता. उगारलेला हात खाली आणावयाचा होता.

या मंथनातून जो वाद्यवृंद निघाला, तो माझा सर्वांत आवडता. त्याचे नाव ‘फुगाझी’. मकाय, पिचोटो, खर्जाची गिटार वाजविणारा जो लॅली आणि ड्रम वाजविणारा ब्रेंडन कँटी, असे हे चौघे. 1987 साली त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. त्यांच्या ‘वेटिंग रूम’ या 1988च्या गीतात लॅलीची गिटार प्रथम एकटीच चालू लागते, मग इतर वाद्ये तिला येऊन मिळतात, आणि सारे रंगात आले असता एकाएकी पूर्ण शांतता पसरते. क्षणभराने सारे पुन्हा एकदम सुरू होते. त्या निःशब्द क्षणात मला समेची वाट पाहणारी आपल्याकडील मैफल आठवते.

त्यांच्या कार्यक्रमाचे तिकीट शक्य तोवर पाच डॉलरच असे, आणि लहानथोर सर्वांना प्रवेश असे. कोणी दांडगाई करू लागला की गाणे थांबे. त्याला समज दिली जाई, आणि तरीही ऐकले नाही तर त्याचे पाच डॉलर हाती देऊन बाहेरची वाट दाखविली जाई. आपल्या शहरात त्यांनी पुष्कळ कार्यक्रम गोरगरिबांच्या व समाजकार्याच्या मदतीसाठी केले. जानेवारी 1991मध्ये, आखाती युद्ध तोंडाशी आले असता, ते राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोरील उद्यानात उघड्यावर वाजवावयास उभे राहिले. पुढे मोठ्या कंपन्यांची बोलावणी आली. ती स्वीकारली असती तर संपत्ती मिळाली असती. पण तिकिटाची किंमत आणि प्रवेशाचा नियम दुसऱ्याच्या हाती गेला असता. त्यांनी ती नाकारली. त्याचे मोलही दिले. दौऱ्यांवर असताना ओळखीच्यांच्या घरी जमिनीवर अंथरूण टाकून ते निजत.

2003 सालापासून फुगाझीने आपले वादन थांबविले आहे. त्यांच्या सुमारे हजार कार्यक्रमांपैकी आठशेहून अधिकांचे मुद्रण जपून ठेवलेले होते; 2011पासून ते क्रमाक्रमाने लोकांसाठी खुले झाले. एका कार्यक्रमासाठी किती पैसे द्यावेत, याची सूचनाही त्यांनी केली, आणि ती होती त्याच पाच डॉलरांची.

या कलावंतांवर माझे प्रेम का जडले, याचे उत्तर त्या पाच डॉलरांत आहे. मोठे होण्याची शक्ती असताना आपली मर्यादा आपणच आखावी आणि कोणी पाहत नसतानाही ती पाळावी, याला मोठे मनोबल लागते. आपल्याकडे गावोगावी वर्गणी काढून, पडदे स्वतः रंगवून नाटक बसविणारी मुले मी अनेक वर्षे पाहिली आहेत. त्यांना परवानगी हवी असते ती एखाद्या ओसरीची आणि दोन दिव्यांची; बाकीचे सारे त्यांच्याजवळ असते. वॉशिंग्टनच्या त्या मुलांजवळ एक डबा होता, कात्री होती आणि चिकटविणारे हात होते. तेवढ्या भांडवलावर उभी राहिलेली त्यांची संस्था चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली आहे.