आतला हात

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो. गाडीच्या दाराबद्दल मी वर्गात जे सांगतो, त्यातलं पुस्तकातलं थोडं आणि चिपळूणच्या एका गॅरेजमधलं बरंच. त्या गॅरेजच्या मालकांना सगळे नुसतं ‘मिस्त्री’ म्हणत. मीही तेच म्हणत आलो.

त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा आयटीआयचा कागद नुकताच हातात आला होता. इंजिन उतरवणं हेच खरं काम, दारं-बिरं डेंटरने बघावीत, अशी माझी समजूत होती. चार महिने पाऊस झोडपणाऱ्या, दमट मुलखात गाडीची दारं किती लवकर धरतात, हे तिथेच वाढूनही मला माहीत नव्हतं.

एकदा मारुती ८०० आली. मागचं डावं दार आतूनही उघडेना, बाहेरूनही नाही. मी मोठा स्क्रू ड्रायव्हर उचलला. मिस्त्री म्हणाले, “ठेव तो. आधी गाडीच्या मालकांना विचार.”

काय विचारायचं, तेही मला ठाऊक नव्हतं. मग मिस्त्रीच विचारू लागले. दार एकदम अडकलं की आधी काही दिवस जड जात होतं? लॉकची खुंटी वर येते का? खुंटी वर असून हँडल हाताला ढिलं लागतं का? ढिलं लागत असेल तर आतला रॉड प्लास्टिकच्या क्लिपमधून निसटलेला असतो. हँडल ताठ असेल तर लॉकच धरलेलं असतं. आणि दार बाहेरून उघडतं पण आतून उघडत नाही, असं असेल तर काही खोलायची गरजच नाही. चाइल्ड लॉकची खिट्टी सरकवली की झालं. एवढ्या चौकशीत अर्धं काम होतं, हे मी तिथे प्रथम पाहिलं.

त्या गाडीचं हँडल ढिलं होतं. मागची सीट काढून मिस्त्रींनी मला आत बसवलं. काच फिरवायच्या हँडलमागे एक बारीक तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत फडक्याची पट्टी घालून ती दोन्हीकडून आळीपाळीने ओढायची, की क्लिप उडून बाहेर येते. मग पॅड, त्यामागचा प्लास्टिकचा कागद, आणि त्याच्या आत नुसता काळोख. “हात घाल, बघू नकोस,” ते बाहेरून म्हणाले. बोटांना रॉड लागला. दाराच्या लॉकमध्ये खेकड्याच्या नांगीसारखा एक दात असतो आणि तो खांबावरचा आकडा धरून ठेवतो. दाराच्या रबराचा ताण त्या दातावर असतो. मिस्त्रींनी बाहेरून दार आत दाबून तो ताण कमी केला, मी रॉड ओढला आणि दार सुटलं.

मी लगेच ते लावून बघायला निघालो, तर त्यांनी दार धरून ठेवलं. दार उघडं असतानाच स्क्रू ड्रायव्हरने दात मिटवायचा, हँडल ओढून तो सुटतो का ते पाहायचं, आणि नंतरच दार लावायचं, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. शेवटी त्यांनी दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी केली. काचेच्या फटीतून पाणी दारात जातंच. ते खालून निघून जावं म्हणून ती भोकं असतात. ती बुजली की दार आतून गंजतं. या कामाचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

पुढे मला शिकवायची नोकरी लागली आणि गॅरेज सुटलं. जुलै २०२१च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर मी काही मुलांना घेऊन मदतीला गेलो. मिस्त्रींची निम्मी हत्यारं चिखलात होती, आणि दारात लोकांच्या गाड्या उभ्या होत्या. बॅटऱ्या मेलेल्या, त्यामुळे विजेवरची लॉकं हलत नव्हती. किल्लीने ड्रायव्हरचं दार उघडायचं आणि बाकीची आतून सोडवायची, असं चाललं होतं. एका मुलाने लॉकमध्ये तेल सोडायला डबा उचलला. मिस्त्री म्हणाले, “बाळा, आधी पाण्याने धू. चिखलावर तेल पडलं की त्याचा लगदा होतो.” मग ते बाहेर उभे राहून दार दाबू लागले आणि त्या मुलाला त्यांनी आत बसवलं.

तेव्हा मला उमगलं. इतकी वर्षं मी समजत होतो की बाहेरून दाबणं हे उस्तादाचं काम आणि आत वाकून बसणं हे पोऱ्याचं. खरं उलटं होतं. दाबायला कोणीही चालतो, गाडीचा मालकसुद्धा. रॉड कुठे आहे, किती ओढला की दात सुटतो, हे फक्त आतल्या हाताला कळतं. मिस्त्री आत बसले असते तर निम्म्या वेळात दार उघडलं असतं. गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तो वेळ ते माझ्यावर खर्च करत होते, आणि वर मला पगारही देत होते.

मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर “मला आत वाकवत नाही रे” म्हणून त्यांनी विषय संपवला.

आमच्या वर्कशॉपमध्ये भंगारातून आणलेली एक गाडी आहे. तिची दारं आम्ही मुद्दाम अडकवून ठेवतो. आतला हात मुलांचा असतो आणि बाहेरून मी दाबतो. वेळ जातो, तासिका संपते, कधी एकच दार होतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर मी मिस्त्रींचं नाव सांगतो.