इसमें मैं कहाँ हूँ?

दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन गोव्याला, हरमलला गेलो होतो. बाहेरचे लोक त्याला आरंबोल म्हणतात. तिथं संध्याकाळी किनाऱ्यावर गोल करून ढोल वाजवतात. सूर्य समुद्रात उतरला, अंधारू लागलं की आगीचे खेळ सुरू होतात. मला फोटोचा नाद. मगरिब वाळूवरच अदा केली आणि ट्रायपॉड लावून उभा राहिलो.

पंचविशीतला एक पोरगा साखळ्यांच्या टोकांचे बोळे केरोसीनमध्ये बुडवत होता. पेटवण्याआधी तो ते जोरात झटकायचा, नाहीतर फिरवताना पेटते थेंब लोकांच्या अंगावर उडतात. या खेळाला पोई म्हणतात. पोई मूळची न्यूझीलंडच्या माओरी लोकांची. आग तिला नंतर लागली. मी परवानगी विचारली, त्यानं मान हलवली.

अशा फोटोचं गणित सोपं आहे. आयएसओ १००, शटर दोन सेकंद उघडं. तेवढ्यात जाळ जिथून जिथून फिरेल तिथं उजेडाची रेघ उमटते. मागं आकाशात निळसर उजेड उरलेला असतो तोवरच हे साधतं, म्हणून घाई होती. चार-पाच फोटोंनंतर हवा तो मिळाला. निळ्या आभाळावर सोन्याची कडी! मी खूश.

खेळ संपवून तो जवळ आला. फोटो बघितला, बोटानं मोठा केला आणि म्हणाला, "सर, इसमें मैं कहाँ हूँ? माँ को भेजना था."

दोन सेकंदांत जे हलतं ते पुसट होतं, उजळ तेवढंच राहतं. त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग होता. एवढ्या वेळात ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मला आमचे चाचा आठवले. आमच्या सांगली भागात मोहरमच्या ताबुतापुढं ते बनाटी फिरवायचे. काठीच्या दोन्ही टोकांना पेटते बोळे. हिंदू-मुसलमान सगळा गाव बघायला लोटायचा. त्यांचा बनाटी फिरवतानाचा एकच फोटो दादीच्या पेटीत होता. त्यात जाळाचा एक पट्टा आणि खाली दोन पाय. दादी त्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणायची, "ये देख, तेरा चाचा." आज चाचा नाहीत. बनाटी अजून डोळ्यांपुढं फिरते, पण चेहरा नीट आठवत नाही.

पोराला म्हटलं, "एक बार फिर जलाओगे? घुमाना मत, बस खड़े रहना."

आयएसओ वाढवला, शटर एका सेकंदाच्या साठाव्या भागावर आणलं. त्यानं पेटता बोळा चेहऱ्यापासून हातभर दूर धरला. त्या उजेडात पहिल्यांदा मी त्याला नीट बघितलं. गालावर काजळी, एक भुवई अर्धी जळालेली, मनगटावर जुने डाग. फोटोत ना कडी होती ना आभाळ.

फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग हसला. "भौं जली हुई दिख रही है. माँ डाँटेगी."

आणि माझ्यासमोरच त्यानं तो आईला पाठवून दिला.