लांबून आलेला हात

आमची आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. डोळ्यांना अंधुक दिसते. कानाशी तोंड नेऊन ओरडले तरच तिला ऐकू येते. माझा मुलगा दुबईला वायरमन आहे. दर सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन येतो, आम्ही सगळे बोलतो, मोबाईलवर त्याचे तोंड बघतो. आईच्या हातात फोन दिला की ती तो आधी कानाला लावते, मग डोळ्यांसमोर धरते आणि मुकाट्याने परत देते. आम्ही नवरा-बायको कामावर जायचो, तेव्हा त्याला तिनेच वाढवला. शाळेला निघताना पाठीवर तीन थापा मारायची, तेव्हा तो दाराबाहेर पडायचा.

गेल्या भीमजयंतीला गावी येणाऱ्या मित्राबरोबर त्याने आजीसाठी मनगटाचा एक पट्टा पाठवला. त्याचा जोडीदार पट्टा त्याच्या हातात. तिकडे त्याने बोट टेकवले की ती खूण मोबाईलमधून इंटरनेटवर जाते, इकडच्या मोबाईलला मिळते आणि आजीच्या पट्ट्यातली इवलीशी मोटर थरथरते. मला तो पोरखेळ वाटला. मुलगा फोनवर म्हणाला, "पप्पा, जग कुठे गेलंय! लंडनच्या क्यूटसर्किट कंपनीने कधीच मिठी पोचवणारा शर्ट काढलाय. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या लोकांनी २०१९ साली कातडीला चिकटणारा मऊ पापुद्रा केला. त्यात थरथरणारी ३२ छोटी यंत्रे, आणि बॅटरी नाही."

हे सगळे मी आईच्या कानात ओरडून सांगितले. ती म्हणाली, "लांबूनच ना? आम्हाला गावात सगळं लांबूनच मिळायचं."

मग तिने सांगितले. दुकानदार मीठ-मिरची वरून पदरात टाकायचा. पैसे जमिनीवर ठेवायचे, तो त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. विहिरीवर कोणाला दया आली तर ओंजळीत वरून धार. १९५० साली राज्यघटना लागू झाली, १७ व्या कलमाने अस्पृश्यता गेली, पण त्या दुकानदाराचा हात काही खाली आला नाही.

ती बोलत असतानाच पट्टा थरथरला. एक, दोन, तीन. आईने दुसरा हात त्यावर ठेवला आणि थांबली. मग म्हणाली, "पाठ सोडून मनगटावर मारतो व्हय रं?" आणि खुदकन हसली. तिनेही तीन वेळा बोट टेकवले.

पट्ट्यातून थरथर येते, तेवढीच. ऊब ओळखणारी आणि दाब ओळखणारी यंत्रणा आपल्या शरीरात वेगवेगळी असते. तिचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. वायरी सोलून खरखरीत झालेले माझ्या पोराचे बोट काही त्या पट्ट्यातून येत नाही. आई त्याबद्दल तक्रार करत नाही. उलट पहाटे साडेपाचला उठून थापा मारते. तिकडे चार वाजलेले असतात. पोरगा उठून उत्तर देतो.

पट्टा रोज रात्री चार्जिंगला लावायचे काम माझ्याकडे आले आहे. तो काढायला आईचा हात माझ्या हातात घ्यावा लागतो. किती हलका झालाय तो! कित्येक वर्षांत मी तो धरलाच नव्हता.