मत पटवून देताना



'माझे मत' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, की वाशिमच्या आमच्या वर्गात पुष्कळजण एकच वाक्य तीनदा लिहितात. तेवढ्याने मत पटत नाही. मताला आधार लागतो.

'दावा' हा शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊक आहे. तो मराठीतही आहे. 'दलील' म्हणजे मराठीत युक्तिवाद. आधी दावा मांडावा, मग युक्तिवाद करावा.

आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून तेव्हा सगळ्याच बायकांना नावे ठेवली जात होती. ताराबाईंचा दावा स्पष्ट होता : जे दोष स्त्रियांना लावता, ते पुरुषांतही आहेत. त्यांनी रोजच्या जगण्यातला दाखला दिला. बायको वारली, तर नवरा दुसरे लग्न करतो. विधवेला मात्र बंदी! विरोधकांचे आरोपही त्यांनी टाळले नाहीत. एकेक आरोप घेऊन उत्तर दिले.

आता तुम्ही लिहा : 'मुलींनी दहावीनंतरही शिकावे.' कारणे सांगा. ओळखीतला खरा दाखला द्या. 'कॉलेज दूर आहे,' असे अब्बा म्हणतील. त्यांची काळजी खरी आहे. ती आदराने मांडा. मग एस.टी.ची वेळ, पास, सोबतीच्या मैत्रिणी यांचा हिशेब सांगा. शेवटी काय करावे, ते एका वाक्यात लिहा.

परीक्षेत या निबंधाला गुण मिळतील. घरी मात्र त्यावर एखादीचे पुढचे शिक्षण ठरेल.